मामाचे चाळीस

रोझफर्ड, मिसिसिपी
४ जानेवारी

प्रिय अर्लीनताई,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. तू बरी असशील. मी बरा आहे. यंदा थंडी जास्त आहे आणि सकाळी उठलं की माझे गुडघे कुरकुरतात, पण गुडघ्यांचं काही लिहीत नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. सात वेळा फोन केला. दर वेळी तुझ्या आवाजातलं ते यंत्र मला 'देव तुमचं भलं करो' म्हणतं आणि गप्प होतं. सातव्यांदा मी त्यालाच म्हटलं, 'बाई, भलं नंतर कर, आधी माझ्या बहिणीला फोनवर बोलाव.' ते तू ऐकलं असशीलच.

इकडची खबर अशी. दुकानामागचा नळ गोठून फुटला आणि दोन दिवस मी गिऱ्हाइकांची डोकी बादलीतल्या पाण्याने धुतली. चर्चचं अर्धं छप्पर नवं झालं, उरलेलं ईस्टरपर्यंत होईल म्हणतात. डीकन रॅन्समने नवी कवळी बसवून घेतली आहे. 'आमेन' म्हणताना ती पुढे येते, म्हणून पोरं हल्ली प्रार्थनेला डोळे मिटत नाहीत. एक तारखेला मी चवळी आणि पालेभाजी केली, आई करायची तशी, मिठात मुरवलेलं डुकराचं मांस घालून. खाली लागली. एकट्या माणसाने एवढं मोठं पातेलं चढवायचं कशाला, पण नव्या वर्षाला चवळी खाल्ली नाही तर वर्ष वाईट जातं म्हणतात. तसं अजून किती वाईट जाणार आहे देव जाणे.

कॉर्डेल कसा आहे? ऑपरेशन झालं का? एप्रिलात फुटबॉलचे मोठे व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं निवडतील तेव्हा त्याचं नाव निघेल की नाही, याबद्दल डॉक्टर काय म्हणतात? मला कोणी काही सांगत नाही. सख्खा मामा असून मला टीव्हीवाल्यांइतकंच कळतं, आणि त्यांना काही कळत नाही.

ताई, एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मी कोणापाशी एक शब्द बोललो नाही.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला तुझ्या स्वयंपाकघरात काय झालं ते मला पक्कं आठवतं. मी भांडी विसळत होतो, कॉर्डेल पुसत होता. त्याच्या हातात ताट बशीएवढं दिसतं. तो म्हणाला, "मामा, डिसेंबरातला बाउलचा सामना मी खेळणार नाही. डॉक्टर म्हणतात गुडघ्याच्या आत बारीक चीर आहे. जपला तर एप्रिलपर्यंत भरून येईल. एक उलटा धक्का बसला की संपलं." मी विचारलं, "कोचला सांगितलंस?" तो म्हणाला, "नाही. परीक्षा संपली की स्वतः जाऊन सांगणार. माझ्या तोंडून कळलं पाहिजे त्यांना, आणि पोरांनाही." मग तू आत आलीस आणि मला शपथ घालायला लागलीस. बायबल वरच्या खोलीत होतं म्हणून आईच्या पाककृतींच्या वहीवर माझा ओला हात ठेवलास. रताळ्याच्या 'पाय' या गोड पदार्थाचं पान होतं. मी म्हटलं होतं, "मेलो तरी माझ्या तोंडून निघणार नाही."

निघालं नाही. दुकानात नाही, चर्चमध्ये नाही, झोपेतही नसेल, आणि झोपेत ऐकायला तरी घरात कोण आहे?

मग इंटरनेटवर कोणी काय लिहिलं आणि कोचला कोणी काय दाखवलं, त्याचा जाब मला का? मी खरंच गोंधळलो आहे. तू सांग म्हणजे कळेल.

शेजारच्या पार्लरवाल्या मिस विल्मा तुझी चौकशी करतात.

तुझा लाडका धाकटा भाऊ,
लव्हेल


रोझफर्ड
१३ जानेवारी

प्रिय अर्लीनताई,

तुझं पाकीट मिळालं. चर्चच्या देणगीचं पाकीट, आणि आत एकच ओळ: 'भिंतीवर तू कोणता आकडा लिहिला होतास?' ना प्रिय, ना तुझी. पोस्टमन ओझेलने ते आणून हातात दिलं तेव्हा त्याचं तोंड टपाल आणणाऱ्या माणसाचं नव्हतं, मयतीला आलेल्या माणसाचं होतं.

आकड्याचं सांगतो. तुला या गोष्टीचा तिटकारा आहे, पण थोडं मुळापासून सांगावं लागेल.

डिसेंबरात कॉलेज फुटबॉलचा मोसम संपला की चाळीसेक बाउलचे सामने होतात. आमच्या दुकानात तीस वर्षं त्यांचा एक कागद भरतात. प्रत्येक सामन्यात कोण जिंकणार ते लिहायचं, आणि समोर एक आकडा. सगळ्यात जास्त खात्री असेल तिथे चाळीस, त्याहून कमी तिथे एकोणचाळीस, असं उतरत उतरत एकपर्यंत. एक आकडा एकदाच. तुझा संघ जिंकला की तो आकडा तुझ्या खात्यात. शाईने भरायचं, पहिल्या सामन्याआधीच्या शुक्रवारी आरशाशेजारी भिंतीला लावायचं, मग खाडाखोड नाही. ज्याची बेरीज मोठी त्याचा फोटो वर्षभर आरशावर. वर्गणीतले अर्धे पैसे चर्चच्या छपराला जातात, म्हणून डीकनसुद्धा भरतो, फक्त स्वतःच्या नावाने नाही. त्याच्या मेलेल्या खेचराच्या नावाने भरतो. दोनदा जिंकलाय. आरशावर खेचराचा फोटो होता.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ऑक्टोबरातला सामना कागदावर सुटतो, डिसेंबरातला सुटत नाही. कुणाचा कोच जास्त पगारासाठी दुसरीकडे पळालेला असतो. कुठली चांगली पोरं एप्रिलसाठी अंग राखून घरी बसतात. कुठल्या संघाला मोठा बाउल हुकलेला असतो आणि हा टायर कंपनीच्या नावाचा बाउल, ही वाटी, त्यांना भिकेसारखी वाटते. आणि कुठल्या खेड्यातल्या संघाला तीच वाटी सोन्याची. ते सगळं तोलून आकडा काढायचा. मला ते येतं, ताई. बाकी काही फारसं येत नाही, ते येतं. सगळा गाव आपला कागद लिहिण्याआधी माझ्या खुर्चीत बसून जातो.

फक्त एक आकडा मी कधी तोलून काढला नाही. कॉर्डेल कॉलेजात गेल्यापासून त्याच्या संघासमोर माझे चाळीस. समोर कोणी का असेना. दोन वर्षं त्यांनी सपाटून मार खाल्ला आणि माझे चाळीस बुडाले. दुकानात त्याला नावच पडलं, 'मामाचे चाळीस'. नवा कोणी आला की ओझेल समजावतो, "लव्हेलची यादी उतरवायची तर उतरव, पण मामाचे चाळीस सोडून. ते गणित नाही, ते रक्त आहे."

यंदा मी तिथे एक लिहिला.

लिहून टाकलं बघ. चाळीसच्या जागी एक.

मी चाळीस लिहायलाच बसलो होतो, खरं सांगतो. पेन टेकवलं आणि डोळ्यांसमोर डावी बाजू आली. क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पोराची, पाठ त्या बाजूला असते, ती कॉर्डेल राखतो. तो नसला तर त्या पोराला चेंडू हातात धरून तीनपर्यंत मोजताही यायचं नाही. हे मला माहीत होतं. जे माहीत आहे ते माहीत नसल्यासारखा आकडा कसा लिहायचा? तरी संघ मी आपलाच लिहिला, दुसऱ्याचा नाही लिहिला, तेवढं तरी बघ. म्हटलं, एक तर एक. कोण बघतंय.

सगळे बघत होते. ओझेल खुर्चीत होता, अर्ध्या तोंडाला फेस.

"लव्हेल, चष्म्याचा नंबर बदल. इथे एक आहे."

"दिसतंय मला."

"कॉर्डेलच्या समोर एक?"

"यंदा डोक्याने भरलाय कागद."

"मग तीन वर्षं डोकं कुठे गहाण होतं?" हे डीकन म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो.

ओझेल हसला नाही. ताई, हा माणूस सव्वीस वर्षं पाकिटं वाटतोय. पाकीट बाहेरून बघून आत लग्नाची पत्रिका आहे की कोर्टाची नोटीस, ते ओळखतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि फेस पुसून, अर्धी दाढी तशीच ठेवून निघून गेला.

भिंतीला कान असतात हे लहानपणापासून ऐकलंय. माझ्या भिंतीला तोंड होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ओझेल शपथेवर सांगतो की त्याने फक्त मेव्हण्याला सांगितलं. मेव्हण्याने कागदाचा फोटो मागवला. कोणी काढून दिला ते विचारू नकोस, मीही विचारलं नाही. त्या मेव्हण्याने तो इंटरनेटवर संघाच्या चाहत्यांच्या पानावर टाकला, खाली लिहिलं, 'खुद्द मामाने चाळीसाचा एक केलाय. समजा काय ते.' आणि लोक समजले. शनिवारपर्यंत तो फोटो कोचच्या फोनमध्ये होता. कॉर्डेल सोमवारी जाऊन सांगणार होता. शनिवारी सगळ्या पोरांसमोर कोचने फोन पुढे धरला आणि विचारलं, "तुझा मामा म्हणतोय तू खेळणार नाहीस. तू काय म्हणतोस?"

स्वतः जाऊन सांगितलं असतं तर ती मर्दाची गोष्ट होती. असं पकडलं गेल्यावर ती पळपुट्याची झाली. एकवीस वर्षांचं पोर, आजूबाजूला नव्वद पोरं बघतायत. तो म्हणाला, "मामा म्हातारा झालाय. मी खेळणार."

पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

आता यात माझा गुन्हा किती, हे मला उलगडत नाही. डीकन म्हणतो, शपथ जिभेची होती, जीभ तू आवरलीस, हाताला देवाने वेगळा विचार करावा. ओझेल म्हणतो, सगळी चूक माझी आणि माझ्या मेव्हण्याची, आणि रोज दुकानाबाहेर उभा राहून आत यायची परवानगी मागतो. मिस विल्मा म्हणतात, तू गाढव आहेस, पण वाईट नाहीस. आणि कॉर्डेलने मला दवाखान्यातून फोन केला होता, हे तुला माहीत आहे का? तो हसत होता गं. म्हणाला, "मामा, आकडा बरोबर होता तुझा. मीच ऐकायला पाहिजे होतं." मी फोन ठेवून दुकानामागे जाऊन उभा राहिलो. चौघांचं चार तऱ्हेचं, त्यात कुणाचं खरं धरू?

अजून एक सांगायचं राहिलं. यंदाचा कागद मी जिंकलो. शेवटचा सामना झाला आणि बेरीज माझी सगळ्यात मोठी निघाली. ओझेलने माझा फोटो चौकटीत घालून आणला. मी म्हटलं खेचराचाच राहू दे.

मी हात दाखवून अवलक्षण केलं, ते मला मान्य आहे. एक आकडा लिहिला. एवढंच, यापेक्षा जास्त काही नाही. तू रागाव, पण फोन उचल.

तुझा भाऊ,
लव्हेल


रोझफर्ड
२४ जानेवारी

अर्लीनताई,

तुझी दुसरी चिठ्ठी काल आली. 'कॉर्डेलला दोन महिने तुझ्याकडे राहायचंय. माझ्या घराला तेवीस पायऱ्या आहेत आणि त्याला एकही चढायची नाही. तुझं घर जमिनीला आहे. शनिवारी आणून सोडू का?' खाली नुसतं 'अर्लीन'. पण तू विचारलंस. या महिन्यात तू मला विचारलेली ही दुसरी गोष्ट, आणि पहिलीला मी अर्धं उत्तर दिलं.

मी लगेच मागची खोली रिकामी केली. तुझ्या पोराची उंची धरून लाकडी पलंगाला दीड फुटाची फळी जोडली. न्हाणीत धरायला दांडा ठोकला. सगळं करून झालं आणि तुला 'हो, आण' एवढं लिहायला बसलो. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. मागच्या पत्रात 'एवढंच' लिहिलं होतं. ते एवढंच नव्हतं.

कॉर्डेलच्या सामन्यावर मी आजवर कधी पैसे लावले नव्हते. कागद वेगळा, ती गंमत आहे. वर्षातून दोन-चारदा मी ट्यूनिकाच्या कसिनोत जातो हे तुला माहीत आहे आणि तू माझ्यासाठी प्रार्थना करतेस हेही मला माहीत आहे. पण त्याच्या संघाच्या बाजूने नाही की विरुद्ध नाही, असा माझा नेम होता.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, मी नेम मोडला. ट्यूनिकाला जाऊन समोरच्या संघावर लावले. किती ते लिहीत नाही. जास्त होते.

म्हणजे शुक्रवारी मी कागदावर एक लिहिला तो हात आधीच बरबटलेला होता. खोटा आकडा लिहवला नाही वगैरे तुला लिहिलं, तेही खोटं नाही, पण मला वाटतं सोमवारी तसं करून शुक्रवारी सगळ्यांदेखत मामाचे चाळीस लिहायला मला तोंड राहिलं नव्हतं. नक्की काय होतं ते आता मलाच सांगता येत नाही.

पैशासाठी म्हणशील तर दुकान बरं चालतं, आणि माझ्यामागे खाणारं कोणी नाही. मग कशासाठी? मी तीस वर्षं अंदाज करतोय, ताई. लास व्हेगसमधली शहाणी माणसं आकडा काढतात आणि आम्ही गावोगावचे न्हावी, पोस्टमन तो चूक आहे का ते हुंगत बसतो. पहिल्यांदा असं झालं की जे त्यांना माहीत नाही ते मला माहीत होतं. डॉक्टर सोडले तर अख्ख्या देशात तिघांना माहीत होतं, त्यातला एक मी. ते नुसतं पोटात ठेवून बसणं मला जमलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे तेव्हा सुचायला हवं होतं. तेव्हा सुचली ती फक्त लाइन.

लाइन समजावून सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. आपला संघ साडेसहा गुणांनी सरस, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे आपण सात किंवा जास्त गुणांनी जिंकलो तर माझे पैसे बुडाले. सहा किंवा कमी गुणांनी जिंकलो, किंवा हरलो, तर मी जिंकलो.

मग कॉर्डेल खेळणार असं ठरलं. मी स्वतःला म्हटलं, चांगलं झालं, बुडू देत पैसे, तुला शिक्षा. हे मी खरंच म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. सामन्याच्या दिवशी दुपारी दुकान भरलेलं होतं. मिस विल्मांनी तळलेले मासे आणले होते, डीकन खास गाडीतून खुर्ची घेऊन आला होता. कॉर्डेल मैदानात आला तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आपण दहाने पुढे होतो. तो डोंगरासारखा उभा होता, एकालाही आत येऊ देत नव्हता. मला अभिमान वाटत होता. पैसे बुडत होते आणि मला अभिमान वाटत होता, दोन्ही एकदमच.

आणि तो पडला.

तू टीव्हीवर पाहिलंस. कुणीतरी मागून त्याच्या पायावर कोसळलं. तो उठायला गेला आणि उठला नाही. हेल्मेट जमिनीवर आपटलं त्याने, एकदाच. दुकानात कोणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. ओझेल त्या दिवशी दाराबाहेरच होता, तो आत आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. डीकन उठून उभा राहिला. म्हणाला, "डोकी झुकवा. लव्हेलचं पोर पडलंय." वीस माणसांनी टोप्या काढल्या. मीही मान खाली घातली.

डीकनची प्रार्थना लांबली. तो म्हणत होता, देवा, या लेकराच्या हाडामांसावर तुझा हात ठेव, याची आई बघते आहे, तिला बळ दे. लोक 'हो देवा, हो देवा' म्हणत होते. मिस विल्मा रडत होत्या. सगळ्यांना वाटलं मामा हादरला, मामा प्रार्थना करतोय.

मी हिशेब करत होतो.

अर्लीन, मान खाली घालून, डोळे मिटून मी हिशेब करत होतो. बदली पोरगा अठरा वर्षांचा, वर्षभरात चारदा मैदानात उतरलेला. तिसरं क्वार्टर संपायला नऊ मिनिटं. डावी बाजू उघडी पडली, आता क्वार्टरबॅक घाबरून चेंडू लवकर टाकेल, कोच नुसता पळवायला लावेल, आपले गुण आता वाढत नाहीत. ते एकदा आत शिरतील, सात घेतील. दहातून सात गेले. डीकनने आमेन म्हटलं तेव्हा माझं उत्तर निघालं होतं. तीन.

तोपर्यंत तो जिवंत आहे का, त्याला दुखतंय का, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. आधी आकडा आला, मग तो आला. मध्ये किती वेळ गेला म्हणशील, तर एका प्रार्थनेएवढा.

मग मी डोळे उघडले. पडद्यावर त्याला गाडीवर चढवत होते आणि त्याने अंगठा वर केला, तुला दाखवायला. मी ढसढसा रडलो. मिस विल्मांनी माझं डोकं जवळ घेतलं, म्हणाल्या, "रड बाबा, मोकळा हो." मी कशाला रडत होतो ते मला आजही माहीत नाही. त्याच्यासाठी म्हणावं तर ते आधी यायला हवं होतं.

सामना तीन गुणांनीच संपला.

दुसऱ्या दिवशी मी ट्यूनिकाला जाऊन पैसे घेतले. वाटेत थांबून जेवलो. मासा चांगला होता, मक्याचा पाव गरम होता, मी दोनदा मागून घेतला. हे लिहायची गरज नव्हती, पण आता काही मागे ठेवायचं नाही असं ठरवून बसलोय.

हे कॉर्डेलला माहीत नाही. तो मला 'आकडा बरोबर होता' म्हणून हसतो. उद्या तो इथे आला तर रोज सकाळी त्याचा पाय मी उचलून उशीवर ठेवणार, त्याला न्हाऊ घालणार, त्याचे केस कापणार. त्याला बरं करायचं म्हणून करीन की मनातल्या त्या तीनसाठी करीन, मला सांगता येत नाही. चांगलं करीन एवढं मात्र नक्की. पण तेवढ्याने पुरतं का? त्याला हे मी सांगावं, तू सांगावंस, की कोणीच सांगू नये, हेही मला कळत नाही. डीकनला विचारणार नाही. त्याच्याच प्रार्थनेत मी हे केलं.

खोली तयार आहे. शनिवारी दुकान बंद ठेवून मी दारात बसेन. तू मला फक्त पायऱ्यांबद्दल विचारलं होतंस, पण हे वाचल्याशिवाय तू त्याला माझ्या हातात दिलंस तर ती मी तुला दुसऱ्यांदा घातलेली टोपी होईल. म्हणून आधी वाच, मग ठरव.

इथे नेहमी 'तुझा भाऊ' लिहितो. आज लिहायला गेलो आणि पेन थांबलं. ती जागा रिकामी ठेवली आहे. लिहावंसं वाटलं तर तू लिही.

लव्हेल